झोपायच्या अर्धा तास आधी

संपादकांचा फोन आला तेव्हा मी आधी नाहीच म्हटलं. डॉक्टरांकडे सांगण्यासारखं पोतंभर असतं, नर्सबाईंकडेही असतं. औषधाच्या खिडकीत बसणाऱ्या बाईनं काय लिहायचं? चिठ्ठी बघितली, गोळ्या दिल्या, पुढच्याला हाक मारली. अठ्ठावीस वर्षांची नोकरी एका ओळीत संपली. पण संपादक चिवट निघाले. म्हणाले, "अशी एखादी गोष्ट असेलच की, जी डोक्यातून जात नाही." आहे, एक आहे. पण ती मला अजूनही नीट कळलेली नाही, हे आधीच सांगून टाकते. शेवटी सगळा उलगडा होईल अशा आशेनं कोणी वाचत असेल तर त्यांनी खुशाल पान उलटावं.

मी औषधनिर्माण अधिकारी होते. हे भारदस्त नाव पगारपत्रकावर होतं आणि निरोपसमारंभाच्या बॅनरवर होतं, बाकी कुठे नाही. आमच्या भंडारा जिल्ह्यात दवाखान्यात पांढरा कोट घातलेली प्रत्येक बाई ही सिस्टरच. सुरुवातीला मी हट्टानं सांगायची, "मी सिस्टर नाही, फार्मासिस्ट आहे." समोरचा मान हलवून म्हणायचा, "हो जी सिस्टर." मग नाद सोडला.

गोंदिया वेगळा जिल्हा झाला तेव्हा मी नोकरीत नवीच होते. माणसांची वाटणी झाली, कपाटांची झाली, आणि त्या धांदलीत मी पवनीची पोरगी जिल्ह्याच्या पूर्वेकडच्या एका ग्रामीण रुग्णालयात येऊन पडले, ती तिथेच मुरले. गावाचं नाव मुद्दाम घालत नाही. ज्याला ओळखायचं तो ओळखेलच.

माझी खिडकी म्हणजे एक जाळी आणि जाळीच्या खाली वीतभर मोकळी जागा. जाळीतून माणूस तुकड्या-तुकड्यांत दिसतो, पूर्ण दिसतो तो फक्त हात. धानाच्या रोवण्याच्या दिवसांत चिखलानं उललेली बोटं, बिड्या वळणाऱ्या बायांची तंबाखूनं पिवळी झालेली नखं, बाळंतिणीचे सुजलेले हात. मी तोंडं विसरायची, पण हात विसरायची नाही. "मागच्या महिन्यात अंगठ्याला चिंधी होती ना तुझ्या?" म्हटलं की माणूस चाट पडायचा. याची मला फार घमेंड होती. हातावरून मी माणूस ओळखते, असं मी नव्या डॉक्टर पोरांना ऐकवायची.

दुसरी घमेंड पाकिटांची. ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी आम्ही पाकिटावर चित्रं काढतो. सकाळच्या गोळीवर सूर्य, रात्रीच्या गोळीवर चंद्र. माझा चंद्र बघण्यासारखा असायचा, बारीक कोर आणि शेजारी एक चांदणी. एकदा एक म्हातारबा रक्तदाबाच्या गोळ्यांची अर्धीअधिक उरलेली पुडी परत घेऊन आले. "का हो बाबा, संपल्या कशा नाहीत?" तर म्हणाले, "पोरी, चंद्र निघाल्यावर घ्याची म्हनलीस ना? पुनवेले बरं जमते. मंग हा बेटा रोज उशिरा निघते. मी वाट पाहू पाहू झोपून जातो. अना अमावशेले का करू?" सगळी रांग हसली, मीही हसले. नंतर वाटलं, बुवानं तर सांगितलं तेच केलं होतं. आपण काय सांगतो आणि माणूस ते कोणत्या घड्याळावर लावतो, याचा विचार मी तेव्हा करायला हवा होता. केला नाही. फक्त ही गंमत पंचवीस ठिकाणी सांगितली.

आता त्या गुरुवारांबद्दल. महिन्यातून एकदा, दुसऱ्या गुरुवारी, जिल्ह्याहून मानसोपचाराचे डॉक्टर यायचे. गावात त्या दिवसाला 'डोक्याची ओपीडी' म्हणायचे. पहिली दोन वर्षं माणसं मागच्या फाटकानं यायची, तोंडाला दुपट्टा गुंडाळून. मग हळूहळू पुढच्या फाटकानं यायला लागली. त्या दिवशीच्या रांगेत एक आजार असायचा, त्याला डॉक्टर बायपोलर म्हणायचे. सोपं करून सांगते. माणूस काही आठवडे चढत जातो. झोप लागत नाही आणि नको वाटते, बोलणं थांबत नाही, जग आपल्या मुठीत आहे असं वाटतं, आणि त्या तोऱ्यात तो काहीही करून बसतो. मग एक दिवस खाली येतो तो इतका खाली, की तोंड धुवायलाही उठत नाही. मध्ये कित्येक महिने तो तुमच्या-माझ्यासारखाच असतो. यावर लिथियम नावाची गोळी असते. ती माणसाला मधल्या रस्त्यावर धरून ठेवते. पण ती लहरी आहे. रक्तातलं तिचं प्रमाण तपासत राहावं लागतं, उन्हात घाम गाळणाऱ्यानं पाणी-मिठाकडे बघावं लागतं, आणि कित्येकांच्या बोटांना ती थरथर आणते.

शालिकच्या बोटांना तिनं थरथर आणली होती, आणि शालिक पेटीवाला होता.

एकोडीकडचा माणूस. दोन एकर धान आणि एक जुनी पेटी. आमच्याकडे दिवाळी झाली की गावोगाव मंडई, म्हणजे जत्रा, भरते, आणि मंडई म्हटली की नाटक. रात्री दहा वाजता नांदी होते आणि उजाडल्यावर पडदा पडतो. बाहेरच्यांना खरं वाटत नाही, पण धान कापून मोकळी झालेली माणसं पोराबाळांसकट थंडीत बसून ते पूर्ण बघतात. शालिक अशाच एका कंपनीत पेटी वाजवायचा. होळीपर्यंत रोज नवं गाव.

त्याचा आजार पहिल्यांदा चढला तेव्हा त्यानं चार दिवसांत धानाच्या बांध्यांचे सगळे धुरे, म्हणजे बांध, खणून काढले, शेजाऱ्याचेही. मग पेटी गळ्यात अडकवून पायी निघाला तो गोसीखुर्दच्या दिशेनं. धरणातल्या पाण्याला गाणं ऐकवायचं होतं म्हणे. अकरा दिवसांनी सापडला. तळपायाची सालं गेलेली, पेटी छातीशी धरलेली. त्यानंतर सहा महिने तो भिंतीकडे तोंड करून पडून होता. घरच्यांनी बाहेरचं म्हणून लिंबं उतरवली, कोंबडं कापलं. शेवटी त्याची बायको, सुमन, त्याला गुरुवारी आमच्याकडे घेऊन आली.

सुमन बिड्या वळायची. दिसायला किडकिडीत, पण बाई खमकी. डॉक्टरांनी आजार समजावला तेव्हा तिनं सगळं ऐकून घेतलं आणि आपल्यापुरतं एक माप काढलं, ते म्हणजे झोप. शालिकची झोप सहा तासांची पाच, पाचाची चार झाली की ती सावध व्हायची, आणि चाराच्या खाली गेली की कोणाला न विचारता त्याला दवाखान्यात आणून उभा करायची. दोनदा तिनं असं वेळेवर आणलं, आणि दोन्ही वेळेला आजार दारातूनच परतला. डॉक्टर तिला म्हणाले होते, "तुमच्याइतका चांगला थर्मामीटर माझ्याकडे नाही." ती लाजून हसली होती. त्या एका मापाच्या भरवशावर त्या घराची तीन वर्षं सुखात गेली.

फक्त शालिक कुरकुरायचा. खिडकीतून हात आत घालून दाखवायचा. "पाहा ना सिस्टर, बोटं कशी नाचून राहिली. भजनात चालून जाते, नाटकात नाही चालत. हिरॉइन थांबते अना माहा सूर हालते." मी म्हणायची, "डॉक्टरांना सांग." तो डॉक्टरांना सांगायचा, डॉक्टर डोस थोडा इकडेतिकडे करायचे, आणि थरथर काही पूर्ण जायची नाही.

ज्या वर्षीची ही गोष्ट आहे, त्या वर्षी दिवाळीच्या आठवडाभर आधी सुमन एकटीच खिडकीवर आली. गुरुवार नव्हता.

"सिस्टर, आमच्या यायची झोप पाचावर आली जी."

"बडबड करतो का? चिडचिड?"

"नाही जी. बाकी ठीकच हाय. पन भाऊबीज झाली का मंडई सुरू. रातभर जागतीन, मंग का होईन? झोपेची एखादी गोळी द्या ना."

"यंदा जाऊ नको म्हण त्याला."

"तुमी म्हनून पाहा! पेटी सोडून थो मानूस का करन?"

झोपेची कडक गोळी चिठ्ठीशिवाय देणं शक्यच नव्हतं, आणि डॉक्टर यायला तीन आठवडे होते. त्यांना फोन लावता आला असता. त्यांचा नंबर माझ्या समोरच्या भिंतीवर चिकटवलेला होता. का नाही लावला, हे मी स्वतःला शंभरदा विचारलं आहे. रांग मोठी होती, हे एक. आणि दुसरं खरं कारण असं, की मला वाटलं, यातलं मला कळतं.

कारण त्या दिवसांत मी स्वतः मेलाटोनिन घेत होते. वय झालं, झोप पळाली, तेव्हा नागपूरच्या एका मैत्रिणीनं सांगितलं होतं. तीन मिलिग्रॅमची गोळी, बाहेरच्या मेडिकलमध्ये सहज मिळते, आणि सवय लागत नाही म्हणतात. अंधार पडला की आपला मेंदू हेच द्रव्य स्वतः तयार करतो, त्यात वावगं काय? मी एका रिकाम्या पाकिटाच्या मागे गोळीचं नाव लिहिलं आणि खाली लिहिलं, 'झोपायच्या अर्धा तास आधी'. तोंडानंही दोनदा सांगितलं. "साधी गोळी आहे. झोप लागली की समज सगळं चांगलं आहे." हे शेवटचं वाक्य माझंच. ते मला कोणी शिकवलं नव्हतं.

आणि गोळी लागू पडली हो! दहा दिवसांनी सुमन आली ती पदरात बोडीतले, म्हणजे गावतळ्यातले, शिंगाडे घेऊन. "सात घंटे झोपून राहिले जी. सात! तुमचे पाय धुवून पानी प्यावं असं वाटते." मी तिला रागावले, पण शिंगाडे घेतले. त्या दिवशी माझे पाय जमिनीवर नव्हते. ओपीडीतल्या सिस्टरना, लॅबवाल्यांना, सगळ्यांना सांगून झालं. डॉक्टर महिन्यातून एकदा येतात, माणसं सांभाळतो आपण, वगैरे.

पुढच्या गुरुवारी शालिकच्या लिथियमचं पाकीट न्यायला कोणी आलं नाही. माझ्या ध्यानात आलं. मनात म्हटलं, नाटकाच्या दौऱ्यावर असेल. मागच्या गोळ्या उरल्या असतील. त्याच्या पुढच्या गुरुवारीही पाकीट तसंच राहिलं. तेव्हाही मी काहीतरी म्हटलंच असेल मनात. आता आठवत नाही.

मग तो सोमवार आला. जानेवारीतली थंडी, बाजाराचा दिवस, ओपीडीत पाय ठेवायला जागा नाही. साडेदहाच्या सुमाराला बाहेरून पेटीचे सूर आले. मी मान वर केली. व्हरांड्यातल्या बाकावर शालिक बसला होता. अंगात नाटकातला जरीचा कोट, गळ्यात मफलर, मांडीवर पेटी. "आजारी लोकाईसाठी आलो!" त्यानं जाहीर केलं. "गोळ्या मागून घ्या, आंदी गाना आयका!"

आणि तो वाजवायला लागला.

मला गाण्यातलं फार कळत नाही. पण त्या दिवशी जे ऐकलं ते मी आधी ऐकलं नव्हतं आणि नंतरही नाही. एका भीमगीताची चाल त्यानं धरली. माझे बाबा जयंतीच्या मिरवणुकीत ती गायचे. ती चाल कुठल्या तरी नाटकाच्या पदात शिरली, तिथून पाळण्यात उतरली, आणि परत फिरून मिरवणुकीत आली. रडणारी पोरं गप्प झाली. तापानं फणफणलेली एक म्हातारी भिंतीला टेकून डोळे मिटून डोलत होती. शिपाई झाडू धरून उभा. बाबा जाऊन तेव्हा चार वर्षं झाली होती. मी खिडकीच्या आत बसून घळाघळा रडले, आणि मला त्याची लाजही वाटली नाही.

त्याचे हात मला अगदी नीट दिसत होते. बोटं पट्ट्यांवरून अशी धावत होती की बघत राहावं. एका बोटालाही थरथर नव्हती.

मी, हातावरून माणूस ओळखणारी, ते स्थिर हात बघून खूश झाले! बरा झाला गं बाई, असं मनात आलं. लिथियम घेणाऱ्या माणसाची वर्षानुवर्षांची थरथर अशी एकाएकी कुठे जाते, हा प्रश्न कोणालाही पडला असता. मला पडला नाही.

तेवढ्यात सुमन धापा टाकत फाटकातून आली. ती सरळ माझ्या खिडकीवर आली आणि जाळी दोन्ही हातांनी धरली.

"सिस्टर, थांबवा यायले."

"अगं, किती सुंदर वाजवतोय! झोप होते ना त्याची?"

"होते जी! सात घंटे झोपतेत. नाटक सुटलं का सकाळी सहाले तुमची गोळी घेतेत अना दुपारी दीड वाजेलोक झोपतेत. मी रोज मोजून राहिली, आजच झोपले नाही अना इकडं निघून आले. जवळचं गाव असन तं घरी येतेत, दूरचं असन तं मी फोन करून विचारते."

"सकाळी सहाला?"

"झोपायच्या अर्धा तास आंदी म्हनल्या ना तुमी. तवाच तं झोपतेत."

मी हातातलं पाकीट खाली ठेवलं. "आणि दुसरी गोळी? दवाखान्यातली?"

"ते तं दिवाळीपासून बंद हाय. मले म्हनले, डॉक्टरले विचारलो. झोप येऊन राहिली, मंग ते कायले खायची? मलेई पटलं जी. झोप तं येत होती ना!" मग तिचा आवाज फुटला. "पाचसा दिवसांपासून बोलनं वाढलं. काल पेटीवर हात ठेवून म्हने, आता मानसाईले नाही, डोंगराईले आयकवतो. मले भेव वाटे, पन मी घंटे मोजो, तं सात. तुमी सांगतलं झोप लागली का सगळं चांगलं. मी झोपच मोजत राहिली, सिस्टर."

जाळी मध्ये होती ते बरं झालं. तिला माझं तोंड पूर्ण दिसलं नसेल.

नागपूरला भरती करायचं ठरलं. चार माणसं लागतील असं वाटलं होतं, एकही लागला नाही. रुग्णवाहिकेचा चालक हुशार, तो म्हणाला, "मास्तर, गाडीत बसून वाजवा ना." शालिक आनंदानं चढला. सुमन त्याच्या शेजारी बसली. गाडी महामार्गाला लागेपर्यंत पेटी ऐकू येत होती, आणि ओपीडीतली माणसं टाळ्या वाजवत होती.

त्या महिन्याच्या दुसऱ्या गुरुवारी मी डॉक्टरांसमोर जाऊन उभी राहिले आणि सगळं सांगितलं. गोळीचं नाव, पाकिटाच्या मागचं अक्षर, शिंगाडे, सगळं. मला वाटलं, माणूस आता झाडणार. तो शांतपणे ऐकत राहिला. मग म्हणाला, "मॅडम, ही गोळी म्हणजे मेंदूला निरोप असतो की संध्याकाळ झाली. तुम्ही-आम्ही रात्री घेतो तेव्हा निरोप खरा असतो. त्याला तो सकाळी सहाला मिळत होता. मग दुपारी ऊन, आणि रात्रभर डोळ्यांवर दिवे. शरीराचं घड्याळच गोंधळलं असेल."

"म्हणजे माझ्यामुळेच झालं."

"असं नाही म्हणता येत."

"मग लिथियम सोडल्यामुळे?"

"त्याचा वाटा मोठा असावा. पण लिथियम चालू असताना रात्रीची जागरणं करूनही तो तीन वर्षं ठीक होता, आणि लिथियम न सोडताही काहींचा आजार उलटतो. ही गोळी नसती तर झोप कमी झाली असती, आणि सुमनताईंनी त्याला लवकर आणलं असतं, असं होऊ शकतं. किंवा झोप कमी झाल्यानं तो आणखी लवकर चढला असता, असंही होऊ शकतं."

"मग नेमकं काय समजायचं मी?"

"नेमकं मलाही माहीत नाही. या आजारात या गोळीचा किती उपयोग होतो, यावर आमच्यातच एकमत नाही. फायदा दिसला म्हणणारे आहेत, काही फरक दिसला नाही म्हणणारेही आहेत."

मला त्या माणसाचा असा राग आला म्हणून सांगू! त्यानं मला शिव्या घातल्या असत्या तर मी घरी जाऊन रडले असते आणि प्रकरण मिटलं असतं. हा मला दोषही देईना, सोडवेनाही. गोळी, सोडलेलं लिथियम, मंडईची जागरणं आणि मुळात आजार, हे चार जण माझ्या डोक्यात येऊन बसले, आणि प्रत्येक जण दुसऱ्याकडे बोट दाखवायला लागला. तेव्हापासून ते तसेच बसलेले आहेत.

त्यात भर म्हणजे, दोन महिन्यांनी सुमन नागपूरचं कार्ड घेऊन आली. लिथियम होतं, आणखी एक गोळी होती, आणि तिसऱ्या ओळीवर होतं मेलाटोनिन, तीन मिलिग्रॅम, रात्री नऊ वाजता. मी ती ओळ चारदा वाचली. जी गोळी दिली म्हणून मी दोन महिने नीट जेवले नव्हते, तीच गोळी मोठ्या डॉक्टरांनी लिहून दिली होती, फक्त पुढे वेळ घातली होती. मग माझी चूक गोळीची होती का वेळेची? का न विचारता दिली ही? का झोप म्हणजेच सगळं चांगलं, हे जे मी छातीठोकपणे सांगून बसले, ती? सुमनला विचारलं, "तुला काय वाटतं गं?" ती म्हणाली, "कोनजानं जी. मी आता झोप मोजत नाही. मी त्यायच्या डोळ्याईकडे पाहते." तिच्या बोलण्यात राग नव्हता, पण शिंगाडे आणणारी सुमनही ती राहिली नव्हती. खिडकीवर यायची, मोजकं बोलायची, जायची.

शालिक स्वतः आला तो उन्हाळा लागल्यावर, सकाळच्या वेळेला, एकटा. अंगानं सुटला होता. चाल जड, बोलणं हळू. कंपनीनं दुसरा पेटीवाला घेतला होता. रात्रीची जागरणं डॉक्टरांनी बंद केली होती, आणि जागरणाशिवाय नाटक नाही. घरी पेटी आहे, पण झाकूनच असते, असं त्यानं मी विचारल्यावर सांगितलं. मी त्याला एकेक गोळी दाखवून समजावलं, वेळा म्हणून घेतल्या. यावेळी घड्याळातल्या वेळा. त्यानं सगळ्या बरोबर सांगितल्या. मागे कोणी नव्हतं. तो तसाच उभा राहिला.

"सिस्टर, एक विचारू का जी?"

"विचार की."

"त्या दिवशी इथं पेटी वाजवलो मी. लोकाईले वाटते मले काही आठवत नसन. मले सगळं आठवते. डॉक्टर म्हनतेत थो आजार होता. सुमन म्हनते थो तुमी नोताच. तुमी तं आयकल्या. खरं सांगा, चांगली वाजली होती का नाही?"

मी अठ्ठावीस वर्षं माणसांना उत्तरं दिली. ही गोळी कशाची, ही कधी घ्यायची, दूध चालेल का, उपास चालेल का. इतका अवघड प्रश्न मला कोणी विचारला नव्हता. चांगली वाजली होती म्हणावं, तर हा घरी जाऊन लिथियम फेकून देईल. कोण नाही फेकणार? आयुष्यात एकदा तसं वाजवता आलं आणि मध्ये फक्त एक गोळी उभी आहे, असं कळल्यावर मीही फेकली असती. आणि नाही म्हणावं, तर त्याच्याकडे त्या सकाळचं जे काही उरलं होतं, तेही मी काढून घेणार.

मला सुमन दिसली, जाळी धरून उभी असलेली.

"नाही रे," मी म्हटलं. "सूर भरकटत होते. ताल सुटत होता. लोक आपले गंमत म्हणून बसले होते."

त्यानं खाली मान घालून पाकिटं एकात एक घातली, खिशात ठेवली, वरून बटण लावलं.

"तुमी रडून राहिल्या होत्या, सिस्टर," तो म्हणाला. "मी पाह्यलो."

त्याच्या आवाजात कसलीही तक्रार नव्हती. तो दोन पावलं गेला आणि वळून म्हणाला, "गोळ्या घेईन मी. तुमी कायजी नका करू."

मी निवृत्त होईपर्यंत तो दर महिन्याला आला. एक गुरुवार चुकला नाही. कसं चाललंय विचारलं की बरं हाय म्हणायचा, धानाचं सांगायचा, पोरीच्या शाळेचं सांगायचा. पेटीचं माझ्याशी पुन्हा कधी बोलला नाही.